ही स्पोर्ट्स कार आहे का, ते नंतर बघू

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये माझ्या गाडीसमोरच्या खांबावर गेल्या पावसाळ्यात एक पाटी लागली. ‘गळक्या वाहनांच्या मालकांनी खाली भांडे ठेवावे.’ सही नव्हती, पण अक्षर ओळखीचं होतं. मी भांडं ठेवलं. जुन्या बाजारातून वजनावर आणलेली ॲल्युमिनियमची परात. आठवड्याला तिच्यात दोन चमचे तेल जमतं. खरोखर मोजलंय. सत्तावीस वर्षं लोकांच्या खतावण्या तपासण्यात गेल्यावर माणूस दुसरं काय करणार?

गाडी आहे 1965ची स्टँडर्ड हेराल्ड, दोन दरवाजांची, एकेकाळी सायीच्या रंगाची. 2022च्या पितृपंधरवड्यात घेतली. सासूबाई म्हणाल्या, “अगं, या दिवसांत नवी वस्तू घेतात का?” म्हटलं, “नवी कुठाय? तुमच्या लग्नाच्या आधीची आहे.” त्यावर त्यांना काही बोलता येईना.

नारायण पेठेतला एक वाडा पाडायचा ठरला होता आणि बिल्डरनं गाडीच्या मालकांना, म्हणजे काकांना, अंगणातली गाडी हलवायला पंधरा दिवस दिले होते. ताडपत्रीखाली अकरा वर्षं. मागच्या सीटवर मांजरीची बाळंतपणं झालेली, डिकीत पाणी तापवायचा बंब. काकांनी अडीच लाख सांगितले. मी एक साठ. काका म्हणाले, “हे बघा, मला गाडी विकायची आहे, दान करायची नाहीये.” शेवटी एक ऐंशीला ठरलं, पण बंब त्यांनी काढून घेतला आणि चावीची चामडी पट्टीसुद्धा. चावी मला सुतळीत बांधून मिळाली.

घरी भाचा बघायला आला. पोर्शेची पोस्टरं लावून वाढलेला मुलगा. बोनेटभोवती एक फेरी मारली आणि म्हणाला, “मावशी, तू तर स्पोर्ट्स कार घेणार होतीस ना?”

घेणार होते, खरंय. मला ट्रायम्फ स्पिटफायर हवी होती. कॉलेजात असताना डेक्कनवर एक लाल स्पिटफायर एकदाच पाहिली होती, अर्ध्या मिनिटापुरती, ती डोक्यात बसली. पण भारतात त्या मोजक्याच. ज्यांच्याकडे आहेत ते विकत नाहीत, आणि विकलीच तर तो आकडा ऐकून मी चहा मागवला असता. मग भाच्याला खाली बसवून सांगितलं, की स्पिटफायर म्हणजे हिचीच धाकटी बहीण. इंग्लंडात ट्रायम्फ हेराल्ड आली 1959मध्ये. आकार दिला जोवान्नी मिकेलॉत्ती या इटालियन माणसानं. आपल्याकडे मद्रासला ती ‘स्टँडर्ड’ नावानं 1961पासून बनू लागली. त्याच सुमारास मिकेलॉत्तीनं हेराल्डचीच चॅसी आखूड करून, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांतलं साडेएक्क्याण्णव इंचांचं अंतर 83वर आणून, एक दोन सीटांची उघडी गाडी काढली. कंपनीकडे पैसे नव्हते म्हणून ती कारखान्याच्या कोपऱ्यात कापडाखाली पडून राहिली. 1961मध्ये लेलँडनं कंपनी घेतली, त्यांची माणसं पाहणी करत फिरताना त्यांनी कापड उचललं, आणि 1962मध्ये स्पिटफायर बाजारात आली. थोडक्यात, तीसुद्धा ताडपत्रीखालीच सापडली. भाचा म्हणाला, “पण ही 948 सीसी आहे.” हो, आहे. उतारावर मात्र छान पळते.

एक गोष्ट त्यालाही आवडली. हिचं बोनेट म्हणजे नुसतं झाकण नाही. दोन्ही बाजूंच्या कड्या सोडल्या की मडगार्ड, दिवे यांसकट पुढचं अख्खं अंग पुढे कलंडतं आणि इंजिन तिन्ही बाजूंनी मोकळं होतं. काम करताना पुढच्या टायरवर चक्क बसता येतं. माझ्या गुडघ्यांना हे फार मानवतं. शिवाय गाडी पंचवीस फुटांत वळते, लंडनच्या टॅक्सीसारखी. सदाशिव पेठेच्या बोळात समोरून टेम्पो आला की मी जागच्या जागी फिरते. रिक्षावाले थांबून बघतात.

आता मुद्द्याचं. गाडी घेतल्यापासून लोक मला दोनच प्रश्न विचारतात, ॲव्हरेज किती आणि पार्ट मिळतात का. बाराच्या आसपास, आणि हो, मिळतात. खरं दुखणं वेगळंच आहे. तीन वर्षांत माझ्या गाडीत जे जे बिघडलं, त्यातलं निम्मंअधिक तिच्या वयामुळे नाही, कुणीतरी तिला फिएट समजून केलेल्या दुरुस्तीमुळे बिघडलं होतं.

पहिला दणका बॅटरीचा. त्या काळच्या अनेक ब्रिटिश गाड्यांसारखी हिची बॅटरी उलटी, म्हणजे प्लसची तार बॉडीला. मला हे ठाऊक नव्हतं. मी हौसेनं फोन चार्जिंगचं सॉकेट बसवून घेतलं. बसवणाऱ्यानं नेहमीप्रमाणे मायनस बॉडीला दिला, आणि लकडी पुलावर पोहोचेपर्यंत जळक्या प्लॅस्टिकचा वास सुटला. फोन वाचला. सॉकेट गेलं ते गेलंच.

दुसरं, पान्हे. सगळे नट इंचांतले, 7/16, 1/2 असे. आधी कुणीतरी मिलिमीटरचे पान्हे लावून निम्मे नट गोल करून ठेवलेले. सायलेन्सरचा एक नट सोडवायला माझ्या मेकॅनिकला, उस्तादांना, छिन्नी घ्यावी लागली.

आणि तिसरं, ज्यामुळे मी हे सगळं लिहायला बसले. ट्रुनियन.

पुढचं चाक ज्या उभ्या दांड्याला धरून असतं, त्या दांड्याचं खालचं टोक आट्यांचं असतं आणि ते एका पितळी तुकड्यात, म्हणजे ट्रुनियनमध्ये, फिरतं. स्टिअरिंग वळवलं की दांडा त्या आट्यांत थोडा वर-खाली होतो. या जागी ग्रीस नाही, घट्ट गिअर ऑइल घालायचं असतं. तेल आट्यांत झिरपतं. ग्रीस झिरपत नाही, ते वर थापून बसतं, आत कोरडं राहतं, पाणी शिरतं, गंज चढतो. मग एक दिवस दांडा तिथेच तुटतो आणि चाक गाडीखाली दुमडतं. पण तिथे निपल, म्हणजे वंगण भरायचं तोंड, दिसला की कुठलाही भला माणूस ग्रीस गन लावणारच! माझ्या गाडीला असं किती वर्षं ग्रीस भरलं गेलं, देव जाणे.

हे मला कळलं ते निव्वळ नशिबानं. भवानी पेठेतले उस्ताद, वय सत्तरीच्या पुढे, तरुणपणी हेराल्डवर हात बसलेला. मी ब्रेक दाखवायला गेले होते. त्यांनी चाक जॅकवर उचललं, हातानं हलवलं आणि विचारलं, “मॅडम, आल्या कशा इथपर्यंत?” दुभाजकाला टेकत वगैरे आले की काय, असा चेहरा. दांडा बाहेर काढला तर आट्यांच्या मुळाशी केसाएवढी चीर होती. आदल्या रविवारी मी याच चाकावर दिवे घाट उतरले होते, शेजारी सासूबाई, मांडीवर सासवडच्या अंजिरांची पेटी. हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही. त्यांना ब्लॉग वाचता येत नाही असं मी धरून चालले आहे.

नाना पेठेत चार दुकानं फिरले. एकानं जीपचं काहीतरी पुढे केलं, “बसवून देतो, फक्त थोडं घासावं लागेल.” भोसरीचा लेथवाला पितळी तुकडा बनवून द्यायला तयार होता. उभ्या दांड्याला मात्र त्यानं हात लावला नाही, आणि त्याबद्दल मी त्याची आभारी आहे. शेवटी जोडी इंग्लंडहून मागवली. तिथे ट्रायम्फचे भाग आजही नवे बनतात. टपाल आणि कस्टम मिळून मालापेक्षा जास्त झालं. तेव्हापासून उस्ताद मला मॅडमऐवजी ताई म्हणू लागले आणि निपलवर लाल रंगाचा ठिपका आला. लाल म्हणजे ग्रीस नको.

घाटाचं निघालंच आहे तर एक सांगते. हिच्या मागे स्प्रिंगचा आडवा पाटा आहे आणि दोन्ही अर्धे ॲक्सल मधल्या डिफरन्शिअलपाशी, म्हणजे मागच्या चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरपाशी, बिजागरीसारखे हलतात. वळणात वेगानं शिरून घाबरून एकदम ॲक्सिलरेटर सोडला, तर मागचं अंग उचलतं, चाकं पोटाखाली ओढली जातात आणि शेपूट निसटायला बघते. सुरुवातीच्या स्पिटफायरचंही असंच होतं. म्हणून वेग वळणाच्या आधीच कमी करायचा आणि वळणात पाय हलका, पण दाबलेला ठेवायचा. नवऱ्याला हे दोनदा समजावलं. तो आता शेजारीच बसतो.

उन्हाळ्यात नळ स्टॉपला अडकले की नळीतल्या पेट्रोलची वाफ होते आणि गाडी बंद पडते, म्हणून डॅशबोर्डखाली पाण्याची बाटली आणि पोळ्यांचं जुनं फडकं असतं. ओलं करून इंजिनाच्या पेट्रोल पंपावर टाकायचं, पाच मिनिटं लोकांचे हॉर्न ऐकायचे. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आल्यापासून जुन्या रबरी नळ्या मऊ पडून चिकट व्हायला लागल्या होत्या. त्या सगळ्या बदलल्या, इथेनॉल सोसणाऱ्या घातल्या.

आरटीओचं फार लिहीत नाही. पंधरा वर्षांवरच्या मोटारीची नूतनीकरणाची फी मी गाडी घेतली त्याच वर्षी 600वरून 5000 झाली होती, ती भरली. पन्नाशीपुढच्या गाड्यांसाठी 2021पासून वेगळी व्हिंटेज नोंदणी आहे, ‘व्हीए’ अक्षरांची पाटी मिळते. रुबाबदार दिसते. पण त्या पाटीवर गाडी रोज वापरता येत नाही, प्रदर्शन, रॅली, पेट्रोल, दुरुस्ती एवढ्यापुरतीच. मला मंडईत भाजीला जायचं असतं. साधाच नंबर बरा.

खर्चाची वही आहे. तारीखवार, पावत्या चिकटवलेल्या. बेरीज मारलेली नाही. दुसऱ्या कुणाची अशी वही माझ्यासमोर आली असती, तर मी शेरा मारला असता.

काका आता बाणेरला मुलाकडे असतात, नवव्या मजल्यावर. दोन-तीन महिन्यांनी फोन करतात आणि गाडीचं नाव न काढता पाऊसपाण्याचं बोलतात. परवा मात्र म्हणाले, “सुरू करा जरा. ऐकू दे.” मी खाली गेले, चोक अर्धा ओढला, गाडी तिसऱ्या प्रयत्नात लागली. बोनेट कलंडवून फोन इंजिनापाशी धरला. चांगलं मिनिटभर. मग कानाला लावला.

“टॅपेट वाजतायत,” काका म्हणाले. “करून घ्या.” आणि फोन ठेवला.