शेवटी पद्मिनी घोड्यांवर चढली

दोन रविवार गेले, पण कुर्ल्याच्या कारखान्यात बनलेली ही लेक, माझी प्रीमियर पद्मिनी गाडी, एकदाची चारही कोपऱ्यांनी घोड्यांवर, म्हणजे लोखंडी टेकूंवर आहे. मागचा एक्सल (मागच्या दोन चाकांमधला आडवा आस) आणि पाटे (त्याला बॉडीशी जोडणाऱ्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा) उतरवायचे होते. 'होते' म्हणतोय, कारण पुढे वाचा.

पहिला रविवार वाया. नेरूळला आमच्या दारात पेव्हर ब्लॉक आहेत. जॅकचा दांडा मारत गेलो, मागची बाजू उचलली आणि जॅकचं लोखंडी चाक दोन ब्लॉकच्या फटीत रुतलं. ट्रॉली जॅकची गाडीला टेकणारी वाटी सरळ वर जात नाही, कमानीत जाते. तेवढा जॅक सरकावा लागतो. तो सरकेना, म्हणून वाटीच डिफरन्शियलखालून (एक्सलच्या मधल्या गोळ्याखालून) निसटायला लागली. करकर ऐकली आणि हळूच गाडी खाली घेतली. चाकं काढली नव्हती, खाली कुणी नव्हतं, एवढंच नशीब.

शेजारचे काका कठड्यावरून बघत होते. "गच्चीवरचे सिमेंट ब्लॉक देऊ का? आमच्या फियाटला आम्ही विटाच लावायचो." नको म्हटलं काका, वीट काय नि ब्लॉक काय, फुटताना सांगून फुटत नाही. काका थोडे रुसले.

मग कळंबोलीहून 6 मिमी पत्र्याचा तुकडा आणला. जॅक आता त्यावर गुपचूप सरकतो. घोड्यांखाली 19 मिमी प्लायचे फूटभर चौकोन, नाहीतर त्यांचे पाय ब्लॉकमध्ये खचतात. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना, त्यामुळे मागून उचलताना त्याचा काडीचा उपयोग नाही. पुढच्या दोन्ही चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे.

एक्सल काढायचा तर टेकू बॉडीला हवा. पद्मिनीला वेगळी चासी (खालचा सांगाडा) नाही, सगळा भार पत्र्यावर. म्हणून पाट्याच्या पुढच्या ब्रॅकेटजवळ स्क्रूड्रायव्हर टोचून पाहिला. डावीकडे टणक. उजवीकडे ब्लॅक पेंटखाली पापडच, अर्धा इंच आत गेला आणि तांबडा भुगा हातावर. इथे घोडी लावली असती तर ती थेट सीटखाली निघाली असती.

म्हणून सध्या मागच्या घोड्या एक्सलच्या नळीखाली, पाट्यांना लागून. पुढच्या क्रॉसमेंबरच्या (गाडीखालच्या आडव्या तुळईच्या) दोन टोकांना. चाकं काढायच्या आधी बंपरला धरून गाडी जोरात हलवली, हलली नाही. काढलेली चाकं सिलखाली (दारांखालच्या कडेखाली) आडवी सरकवून ठेवलीत, घोडी निसटलीच तर, असू दे.

आता आधी वेल्डिंग, मग एक्सल. पेट्रोलची टाकी रिकामी करून बाहेर काढली आहे. उजव्या ब्रॅकेटचा पॅच कुणी केला असेल तर फोटो दाखवा. पत्रा कुठपर्यंत कापायचा तेच ठरत नाहीये.