जुना बॉयलर, सारखं उतरणारं प्रेशर आणि आमचा एक अख्खा हिवाळा

आम्ही घर घेतलं तेव्हाच बॉयलर 22 वर्षांचा होता. अंघोळीच्या पाण्याचा नाही हं, अख्खं घर गरम करणारा, गॅसवर चालणारा, आतली बॉडी बिडाची. त्यात पाणी तापतं, पंप ते पाइपांमधून प्रत्येक खोलीतल्या रेडिएटरपर्यंत नेतो, तिथे उष्णता सोडून ते परत येतं आणि पुन्हा तापतं. म्हणजे तेच तेच पाणी गोल फिरत राहतं, रोज नवीन पाणी लागत नाही. हे मला तेव्हा नीट समजलं असतं तर पुढचे तीन महिने एवढा त्रास झाला नसता, म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

सुरुवात आईंच्या, म्हणजे माझ्या सासूबाईंच्या खोलीपासून झाली. वरच्या मजल्यावरची खोली. त्या कधी तक्रार करत नाहीत, दोन स्वेटर घालून बसायच्या आणि मला वाटायचं वयामुळे थंडी जास्त वाजत असेल. एक दिवस सहज रेडिएटरला हात लावला तर खाली गरम आणि वरचा अर्धा भाग गारठलेला. वर गार आणि खाली गरम म्हणजे आत हवा अडकलीय. उलटं असेल, वर गरम आणि खाली मधोमध गार, तर बहुतेक तळाशी गाळ बसलेला असतो. हीटिंग बंद करून सगळं गार होऊ दिलं, कोपऱ्यातला छोटा स्क्रू किल्लीने पाव फेरा सैल केला, सू सू करत हवा गेली, पाण्याची धार आली की लगेच बंद. खोली तासाभरात उबदार झाली.

पण हवा काढली की प्रेशर, म्हणजे सिस्टिममधल्या पाण्याचा दाब, उतरतं. तो बॉयलरवरच्या गेजवर, म्हणजे दाब दाखवणाऱ्या काट्यावर, बार या एककात दिसतो. आमचं 1.2 बारवरून 0.7 वर आलं, मग मी नळाचं पाणी आत भरायचा व्हॉल्व्ह उघडून परत 1.2 केलं. तिसऱ्या दिवशी पुन्हा 0.7. पुन्हा भरलं. आठवड्यातून दोनदा हे चालू, आणि मला खरंच वाटत होतं की जुन्या बॉयलरची निगा म्हणतात ती हीच.

मग लक्षात आलं की सेफ्टी व्हॉल्व्हला, म्हणजे प्रेशर फार वाढलं की आपोआप उघडून पाणी बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हला, जोडलेला पाइप कायम ओला असतो. त्याखाली बादली ठेवली तर सकाळी दीड लिटर पाणी! टेक्निशियनला बोलावलं, त्याने पाच मिनिटं बघितलं, सेफ्टी व्हॉल्व्ह खराब झालाय म्हणाला आणि नवीन बसवून गेला. आठवडाभरात नवीन व्हॉल्व्हही गळायला लागला. मला याचा अजून राग येतो, कारण 3 बारला उघडणारा व्हॉल्व्ह गळतोय तर प्रेशर 3 पर्यंत जातंय का हे त्याने एकदा तरी बघायला हवं होतं ना, पण त्याने गेजकडे पाहिलंसुद्धा नाही.

शेवटी मी एक वही घेतली आणि बॉयलरशेजारी खिळ्याला लटकवली. रोज सकाळी हीटिंग सुरू व्हायच्या आधीचं प्रेशर आणि संध्याकाळी पूर्ण तापल्यावरचं प्रेशर, दोनच आकडे. चारच दिवसांत चित्र स्पष्ट झालं, गार असताना 1.1 आणि तापल्यावर 2.9. चांगल्या चालणाऱ्या सिस्टिममध्ये हा फरक साधारण अर्ध्या बारचा असतो, आमचा जवळपास दोन बारचा होता.

याचं कारण असं की पाणी तापलं की फुगतं. 10 अंशांवरून 80 अंश सेल्सिअसपर्यंत गेलं की साधारण 3 टक्के. आमच्या सिस्टिममध्ये अंदाजे 100 लिटर पाणी आहे, म्हणजे तीन लिटर जास्तीचं पाणी रोज कुठेतरी मावायला हवं. त्यासाठीच बॉयलरजवळ एक टाकी असते, एक्सपान्शन टँक. तिच्या आत रबराचा पडदा, एका बाजूला पाणी आणि दुसऱ्या बाजूला दाबून भरलेली हवा. पाणी फुगलं की पडदा हवेकडे सरकतो, गार झालं की परत येतो. हवा गेली किंवा पडदा फाटला की फुगलेल्या पाण्याला जागाच राहत नाही, प्रेशर सरळ वर चढतं, सेफ्टी व्हॉल्व्ह उघडतो आणि पाणी बाहेर. रात्री गार झालं की तेवढं पाणी कमी, म्हणून सकाळी प्रेशर उतरलेलं, मग आपण भरतो, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. म्हणजे पाणी कुठेच गायब होत नव्हतं, मी भरत होते आणि व्हॉल्व्ह ते काढून टाकत होता.

टाकीला सायकलच्या ट्यूबला असतो तसा हवा भरायचा व्हॉल्व्ह असतो. सगळं गार असताना त्याची पिन क्षणभर दाबून बघितली. तिथून फक्त हवा यायला हवी. आमच्याकडे पाणी आलं, म्हणजे पडदा गेलेला.

दुसरा टेक्निशियन आला त्याला वही दाखवली, त्याने ती अगदी नीट वाचली आणि टाकीच बदलली. हवा किती भरायची हेही त्याने समजावलं. बॉयलरपासून सगळ्यात वरचा रेडिएटर जितका उंच, त्या प्रत्येक मीटरला 0.1 बार, आणि वर थोडी भर. आमचा 5 मीटरवर, म्हणून 0.5 अधिक 0.3, एकूण 0.8. आणि ही हवा टाकीच्या पाण्याच्या बाजूला अजिबात दाब नसताना भरायची, नाहीतर आकडा चुकीचा दिसतो. त्या दिवसापासून गार 1.1, गरम 1.6.

पण तीन महिने मी जे ताजं पाणी भरत राहिले त्याने नुकसान व्हायचं ते झालंच. ताज्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन असतो, तो आतलं लोखंड गंजवतो आणि काळा गाळ तयार होतो, शिवाय पाणी जड असेल तर क्षारांचा थर बसतो. बॉयलर तापताना किटली उकळल्यासारखा गुरगुरायला लागला होता, तो याच थरामुळे, थराखाली पाणी जागच्या जागी उकळतं. सिस्टिम धुतली तेव्हा निघालेलं पाणी शाईसारखं काळं होतं. मग लोखंडाचा गाळ पकडणारा चुंबकाचा फिल्टर बसवला आणि गंज रोखणारं औषध टाकलं. गुरगुर बरीच कमी झाली, पूर्ण गेली नाही. आणि हो, गंजताना हायड्रोजनही तयार होऊ शकतो, त्यामुळे रेडिएटरमधली हवा काढताना जवळ काडी किंवा लायटर पेटवू नका.

मध्येच एका रात्री पायलटची ज्योत, म्हणजे मुख्य बर्नर पेटवण्यासाठी कायम जळणारी छोटी ज्योत, विझली. परत पेटवली, पण बटण सोडलं की विझायची. ज्योतीत एक थर्मोकपल असतो, तो तापून जी अगदी थोडी वीज तयार करतो, 20-30 मिलिव्होल्ट, तिच्यावरच गॅसचा व्हॉल्व्ह उघडा राहतो. आमचा झिजला होता, बदलला, काम झालं. परत पेटवायच्या आधी मात्र पाच मिनिटं थांबून साचलेला गॅस जाऊ द्यायचा, आणि वास येत असेल तर काहीच पेटवायचं नाही, कुठल्याही स्विचला हात न लावता सगळ्यांनी घराबाहेर पडून मग फोन करायचा.

गॅसच्या बाजूचं झाकण मी स्वतः कधीच उघडलं नाही, तुम्हीही उघडू नका, ते लायसन्स असलेल्या माणसाचं काम. आपण एवढं करायचं की काचेतून ज्योत बघत राहायची. निळी आणि स्थिर असेल तर ठीक, पिवळी, लवलवणारी किंवा आसपास काजळी दिसली तर बॉयलर बंद. गॅस नीट जळला नाही की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू तयार होतो, त्याला वास नसतो, रंग नसतो, डोकं दुखतं, मळमळतं आणि माणूस थकलोय समजून झोपून जातो. आमच्याकडे त्याचे दोन अलार्म आहेत, एक खाली आणि एक आईंच्या खोलीबाहेर, दर महिन्याला बटण दाबून तपासते. धुराड्याची तपासणी दरवर्षी थंडी सुरू व्हायच्या आधी, त्यात एकदाही टाळाटाळ केली नाही.

बॉयलर आता 25 वर्षांचा झालाय. बिडाच्या बॉडीलाच तडा जाऊन गळती लागली तर दुरुस्ती नाही, सरळ बदलायचा, हे आमचं ठरलंय. तोवर वही तिथेच लटकलेली आहे. आता आई स्वतः सकाळी चष्मा लावून आकडा लिहितात, कालचा 1.1 आहे, आणि या हिवाळ्यात भरायचा व्हॉल्व्ह अजून एकदाही उघडलेला नाही.