आजीचा खोकला

पितृपक्षातली षष्ठी. आजी-आजोबांचं पान गच्चीच्या कठड्यावर ठेवून मी कावळ्याची वाट बघत उभी होते. खीर, वडा, अळूची भाजी, आमसुलाची चटणी, सगळं गार होऊन गेलेलं. समोरच्या बिल्डिंगमधले काका त्यांच्या गच्चीतून आमच्याच पानाकडे रोखून बघत होते. त्यांचं म्हणणं, दरवर्षी कावळा आधी आमच्याकडे पोटभर जेवतो आणि त्यांच्याकडे नुसता शिष्टाचार म्हणून येतो. दीड वाजला होता. तेवढ्यात फोन वाजला. दादाचा मेसेज, इंग्लंडहून.

"आज पन्नास झाली."

कुणाला? वहिनीला होऊन तीन वर्षं झाली. मी उत्तर देणार तोच मागोमाग फोटो आला. दोन सुटाबुटातली माणसं हस्तांदोलन करतायत आणि त्यातला एक धडाधडा पेटलाय. मग कळलं. १२ सप्टेंबर १९७५. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा 'विश यू वेअर हिअर' हा अल्बम त्या दिवशी निघाला.

म्हणजे जगभरच्या लोकांनी आज तबकड्या काढल्या असतील, दिवे मंद केले असतील, आणि मी गच्चीत एका हाताने माश्या हाकलत उभी. बरं, कव्हरवरचं हे चित्रसुद्धा मी पहिल्यांदा पाहिलं ते मुंबईच्या ऱ्हिदम हाऊस या रेकॉर्डच्या दुकानात, नोकरी लागल्यावर. तोवर आमच्या घरातला अल्बम म्हणजे सोनीची नव्वद मिनिटांची कॅसेट आणि तिच्या कागदावर दादाच्या गिचमिड अक्षरातली पाच गाण्यांची नावं. त्यातल्या दोघांचं नाव एकच होतं. मला वाटलं दादाचं चुकलंय. दादाचं बऱ्याचदा चुकायचं.

सगळ्यात मोठी चूक तर ही कॅसेटच.

१९८४ च्या उन्हाळ्यात बाबांनी आजीच्या ओव्या रेकॉर्ड केल्या होत्या. माजघरात, दुपारी, पंखा बंद करून. आजीला दमा होता, त्यामुळे दर दोन-तीन ओव्यांनंतर खोकला. बाबा तेवढ्यापुरतं बटण दाबून थांबवायचे, पण त्यांचा हात नेहमी एक खोकला उशिरा पोचायचा. पुढे दोन वर्षांनी आजी गेली. कॅसेटी कपाटात राहिल्या, त्यांच्यावर कुणी नाव घातलं नाही. आपल्या घरातलीच वस्तू, नाव कशाला घालायचं? कॅसेटच्या पाठीवरची प्लॅस्टिकची दोन चिमुकली झाकणं मोडून टाकली की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. बाबांनी ती मोडली नव्हती. ८८ च्या दिवाळीनंतर दादा पुण्याला हॉस्टेलवर परत जाताना कपाटातल्या तीन "कोऱ्या" कॅसेटी घेऊन गेला आणि नाताळात भरून घेऊन आला.

बाबा चार दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. पाचव्या दिवशी म्हणाले, "लाव. काय एवढं भरलंयस ते ऐकू तरी दे."

तो प्रसंग मला लख्ख आठवतो. बाबा आरामखुर्चीत, हात छातीवर बांधून. टू-इन-वन स्टुलावर. दादा उभा, जणू निकाल ऐकायला आलाय. सुरुवातीला नुसता एक लांबलचक, धूसर सूर. काचेचे ग्लास घेऊन ओलं बोट काठावरून फिरवत काढलेला तो आवाज त्यात आहे, हे मला फार नंतर कळलं. आधीचा 'डार्क साइड ऑफ द मून' तुफान चालला, आणि पुढे काय करायचं ते या लोकांना सुचेना. मग रबरबँड, ग्लास असल्या घरातल्या वस्तूंवर अख्खा अल्बम करायचं त्यांनी डोक्यात घेतलं. तो बारगळला, ग्लास तेवढे उरले. आपला जलतरंग काडीने वाजतो, हा बोटाने, इतकाच फरक. तर तो सूर चाललाय, चाललाय, मग गिटारीचे चार स्वर. थांबतात. पुन्हा तेच चार. कुणीतरी दार वाजवून उत्तराची वाट बघतंय तसे. मग ड्रम येतात, गिटार आळवत राहते, आणि गाणारा माणूस काही तोंड उघडत नाही. साडेआठ मिनिटं गेल्यावर उघडतो.

बाबा म्हणाले, "साडेआठ मिनिटं आलापी करतायत. म्हणजे माणसं बरी असावीत."

दादाचा जीव भांड्यात पडला.

मला मात्र त्यातलं एकच गाणं कळायचं, ज्याच्यावरून अल्बमला नाव आलं ते. कळायचं म्हणजे काय, सातवीतल्या मुलीला कळेल तेवढं. ते सुरू होतानाच रेडिओची खरखर येते. कुणीतरी काटा फिरवतंय, मधेच बोलणं, मधेच मोठ्या वाद्यवृंदाचा एक तुकडा, मग लांबून आल्यासारखी बारीक आवाजातली गिटार. मी दादाला म्हटलं, भरताना तुझ्याकडून रेडिओचं बटण दाबलं गेलंय. तो चिडला. त्याने चार वेळा मागे नेऊन ऐकवलं, तरी माझं मत तेच. आमच्याकडे संध्याकाळी बाबा बातम्या शोधायला काटा फिरवायचे तेव्हा हुबेहूब असाच आवाज यायचा. तो रेडिओ बँडमधल्या गिटारवाल्या गिल्मोरच्या गाडीतला होता आणि तो वाद्यवृंद चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा, ही माहिती मिळेपर्यंत आमच्या घरातला रेडिओ मोडीत गेला होता.

तर ती बारीक गिटार रेडिओतून वाजत असते, आणि तिच्या शेजारी दुसरी गिटार सुरू होते. ही मात्र खोलीतली, अगदी कानाशी. कुणी पोरगा रेडिओसोबत आपली गिटार जुळवत बसावा तशी. आणि ती सुरू व्हायच्या जरासं आधी कुणीतरी खोकतं.

आजी!

मी किंचाळलेच. दादाने मला वेड्यात काढलं. त्याने टेपरेकॉर्डरचं हेड, त्याच्या आधीचं पुसणारं हेड, चुंबकीय पट्टी असं सगळं वहीत चित्र काढून समजावलं. नवीन भरताना जुनं आधी साफ पुसलं जातं, एक कणही उरत नाही. इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष, त्यामुळे समजावण्याचा जोर फार. मी म्हटलं, मग हा खोकला कुणाचा? तो म्हणाला, असेल कुणाचातरी, गोऱ्यांना खोकला होत नाही का? आईने भाजी परतता परतता कान दिला आणि म्हणाली, "सासूबाईंचा नाही. त्यांचा कोरडा होता." तरी मी ऐकलं नाही. पुढे कित्येक वर्षं त्या जागी मी आजीलाच ऐकत आले.

बरं, दादाचं सगळंच खरं होतं असंही नाही. कण उरला होता. अल्बम चव्वेचाळीस मिनिटांचा, कॅसेटची एक बाजू पंचेचाळीस मिनिटं आणि वर थोडी. शेवटचं गाणं विरत विरत संपतं. तिथे किबोर्ड वाजवणारा रिचर्ड राइट जाता जाता जुन्या साथीदाराच्या, सिडच्या, एका गाण्याची ओळ हळूच वाजवून जातो. मग शांतता. मग एक 'टक्'. आणि मग आमच्या माजघरातली दुपार. आजी अर्धी ओवी म्हणते, अडखळते, खोकते, आणि म्हणते, "थांब रे, पुढची ओळ आठवू दे." तिथे पट्टी संपते.

दर वेळी तिथेच. ती ओळ तिला आठवली असणार, पण ती दादाने पुसलेल्या दुसऱ्या कॅसेटीत होती. तिच्यावर त्याने काय भरलं होतं ते मी लिहीत नाही, त्याला अजून लाज वाटते.

सिड म्हणजे सिड बॅरेट. ज्याने हा बँड उभा केला, नाव दिलं, सुरुवातीची गाणी लिहिली, आणि ज्याचं डोकं दोनेक वर्षांत, काही नशेने, काही कशाने, जागेवर राहिनासं झालं. स्टेजवर उभा राहून वाजवायचंच नाही, असं व्हायला लागलं. जानेवारी १९६८ मध्ये कार्यक्रमाला निघालेल्या गाडीत कुणीतरी विचारलं, सिडला घ्यायचं का? कुणीतरी म्हणालं, राहू दे. संपलं. भांडण नाही, पत्र नाही. गाडी त्याच्या दाराशी न थांबता पुढे गेली. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त तेच लागतं. आपणही किती जणांना असं "राहू दे" म्हणून सोडून पुढे आलोय.

आणि सात वर्षांनी हे लोक ॲबी रोड स्टुडिओत बसून त्याच्याचवर गाणं करतायत. सव्वीस मिनिटांचं, दोन तुकड्यांत कापून अल्बमच्या दोन्ही टोकांना लावलेलं. दादाने एकच नाव दोनदा लिहिलं होतं ते म्हणून. जून १९७५, गाण्याचं मिक्सिंग चाललंय, आणि स्टुडिओत एक लठ्ठ माणूस येऊन उभा. डोकं भादरलेलं, भुवयासुद्धा काढलेल्या. प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्या कुणाच्या ओळखीचा असेल. बऱ्याच वेळाने ओळख पटली, आणि बँडमधल्या वॉटर्सला रडू आलं.

आपल्याकडे याला काय म्हणावं? जित्या माणसाचं श्राद्ध घातलं, आणि ऐन पंगतीत तोच पाट ओढून बसला. यावर काही बोलता येत नाही. तो पुढे केंब्रिजला परत गेला, बाग केली, चित्रं काढली आणि २००६ साली वारला. राइट २००८ साली. कव्हरवर पेटलेला तो माणूस, स्टंटमॅन रॉनी रॉन्डेल, त्याला तर खरोखरच पेटवलं होतं. सुटाच्या आत आग न लागणारे कपडे, पण वारा फिरला आणि मिशी होरपळली. तोही पन्नाशीला महिना राहिला असताना गेला, अठ्ठ्याऐंशी वर्षांचा होऊन. ते चित्र बघताना मला पेटलेल्यापेक्षा समोरच्याचं नवल वाटतं. आग दिसतेय, तरी हात सोडत नाही. की दिसतच नाही त्याला?

ऱ्हिदम हाऊसमधून मी सीडी आणली ती खरं तर खोकल्यासाठी. पहिल्या पगारातली. हेडफोन लावून, खोलीचं दार लोटून ऐकली. रेडिओ आला, वाद्यवृंद आला, बारीक गिटार आली. आणि खोकला आला. स्वच्छ, डिजिटल, गोऱ्याचा. आईचं बरोबर होतं, आजीचा कोरडा होता. सीडी संपल्यावर मी सवयीने बसून राहिले. 'टक्' झालं नाही. काहीच झालं नाही. चायनीज प्लेअरचा हिरवा दिवा तेवढा लागलेला. हे लिहायला मला अजून संकोच वाटतो, पण मला तो अल्बम अर्धवट वाटला. आजही वाटतो. लोक ध्वनीच्या शुद्धतेबद्दल बोलतात तेव्हा मी गप्प बसते.

गच्चीतून मी दादाला फोन लावला. तिकडे सकाळचे नऊ. मागे तेच चार स्वर वाजत होते.

"ती कॅसेट लावून ऐक ना आज," तो म्हणाला. "शेवटपर्यंत."

"माझ्याकडे कुठाय? तुझ्याकडे आहे."

"माझ्याकडे? मी जाताना तुझ्या कपाटात ठेवली होती."

"दादा, तू बॅगेत टाकलीस. वहिनीच्या शालीत गुंडाळून. मी बघितलंय."

तो काही बोलला नाही. मीही नाही. तिकडे ड्रम सुरू झाले.

"कावळा आला का?" त्याने विचारलं.

"नाही अजून."

"वडा ठेवलायस ना? दही घाल त्याच्यावर. कोरडा तिला गिळायचा नाही."

मी दही आणायला खाली गेले.