आमची वाटचाल : डेथ मेटलचा स्टुडिओ

स्टुडिओ सुरू केला तेव्हा मिळेल ते काम घेत होतो. जाहिरातींचे आवाज, बोलकी पुस्तकं, हौशी गायकांची गाणी. त्यावर भाडं निघायचं. मग एक डेथ मेटल, म्हणजे हेवी मेटलच्या अतिजड, अतिवेगवान प्रकारातला, बँड आला. आधी दुसरीकडे पैसे घालून झाले होते आणि तक्रार एकच होती: आमचा ड्रमर काय वाजवतो तेच कळत नाही. त्यांचं काम मनासारखं झालं, त्यांनी ओळखीच्या बँडला आमच्याकडे धाडलं, आणि हळूहळू बाकीची कामं आम्ही सोडूनच दिली.

या संगीताला बाहेरचे लोक गोंगाट म्हणतात. आमचा सगळा धंदा उभा आहे तो त्यातला एकेक ठोका सुटा ऐकू यावा यासाठी. २४० बीपीएमला (मिनिटाला २४० बीट) डबल बेसवर, म्हणजे दोन्ही पायांनी वाजवायच्या बेस ड्रमवर, प्रत्येक बीटमध्ये चार ठोके, म्हणजे सेकंदाला सोळा. गिटार बी स्वरापर्यंत उतरवलेली, तिची सगळ्यात जाड तार ६२ हर्ट्झच्या आसपास. किकचा, म्हणजे त्याच बेस ड्रमचा, धपका तिथेच, बेस गिटारही तिथेच. तिघांनाही मोकळं सोडलं तर खाली नुसता चिखल होतो. म्हणून किकच्या पेडलला मऊ फेल्टऐवजी लाकडी किंवा प्लास्टिकचा बीटर लावतो, वरची टकटक उचलतो आणि गिटारचा तळ थोडा कापतो. एकटी ऐकली तर ती गिटार बारीक वाटते. बँडमध्ये बसली की भिंत उभी राहते.

ट्रिगरवरून वाद नेहमीचा. ड्रमच्या कातड्यावर सेन्सर लावून प्रत्येक ठोक्याला आधी रेकॉर्ड केलेलं ठरावीक सॅम्पल वाजवायचं, ही फसवणूक आहे का? माझ्या मते नाही. इतक्या वेगात पायाचा जोर कमी पडतो, पण ठोका ड्रमरनेच मारलेला असतो. आमचा विरोध आहे तो प्रत्येक ठोका संगणकावर ग्रिडला, म्हणजे तालाच्या आखीव रेघांना, नेऊन चिकटवण्याला. ब्लास्ट बीट, म्हणजे ड्रमचा सलग वेगवान मारा, किंचित पुढे झुकला की अंगावर येतो. तो झुकाव पुसला तर वेग उरतो, धाक जातो.

गिटारच्या बाबतीत डेथ मेटलमध्येही घराणी आहेत म्हणा ना. फ्लोरिडातल्या टॅम्पाच्या मॉरिसाउंड स्टुडिओत स्कॉट बर्न्स यांनी घडवलेला आवाज कोरडा, नेमका. स्टॉकहोमच्या सनलाइट स्टुडिओत टोमास स्कोग्सबर्ग यांचा आवाज करवतीसारखा. १९९० साली आलेल्या एंटूम्ड या बँडच्या ‘लेफ्ट हँड पाथ’ या अल्बमने तो जगभर पोहोचवला. गिटारचा आवाज फाडणाऱ्या बॉस एचएम-२ या पेडलची सगळी बटणं पूर्ण फिरवायची, एवढंच त्याचं प्रसिद्ध गुपित. आमच्याकडे येणाऱ्या बँडना बहुधा दोन्ही एकदम हवं असतं. मी त्यांना निवड करायला लावतो, कारण करवतीच्या आवाजात वेगवान, गुंतागुंतीचे रिफ (गिटारच्या पुन्हा पुन्हा येणाऱ्या ओळी) विरघळून जातात. गेन, म्हणजे आवाज फाटण्याचं प्रमाण, मात्र कोणत्याही घराण्यात आधी कमी करायला सांगतो. जडपणा येतो उजव्या हातातून, पाम म्यूट, म्हणजे तळहाताने तारा दाबणं, किती घट्ट आहे त्यातून. तोच रिफ दोनदा वाजवून एक डावीकडे, एक उजवीकडे ठेवला की काम होतं.

ग्राउल करणाऱ्यांची, म्हणजे गुरगुरत्या आवाजात गाणाऱ्यांची, मी विशेष काळजी घेतो. तो आवाज स्वरयंत्रातल्या खऱ्या पट्ट्यांच्या वर असलेल्या कृत्रिम पट्ट्यांच्या कंपनातून येतो आणि त्याला लागतो तो श्वासाचा आधार. घसा ओरबाडून काढलेला आवाज दोन गाण्यांत बसतो. दुखायला लागलं की त्या दिवसाचं काम थांबवायचं, हा नियम आम्ही मोडत नाही. स्टेजवरची सवय म्हणून अनेक जण मायक्रोफोनची जाळी मुठीत धरतात. त्याने मायक्रोफोनची मागची छिद्रं झाकली जातात, आवाज बंद डब्यातला येतो आणि शब्दांची धार जाते. हात दांडीवर सरकवला की फरक त्यांनाच ऐकू येतो.

लेबल, म्हणजे अल्बम प्रकाशित करण्याचं काम, नंतर सुरू झालं, गरजेतून. रेकॉर्डिंग संपल्यावर बँडचे पैसे संपलेले असत आणि अल्बम हार्ड डिस्कमध्ये पडून राही. आमचा करार साधा आहे: मास्टरचे, म्हणजे मूळ रेकॉर्डिंगचे, हक्क बँडचेच, छपाईचा खर्च आधी वसूल, पुढचा नफा निम्मा निम्मा. स्ट्रीमिंगवर भिस्त ठेवता येत नाही. एका मोठ्या सेवेने तर २०२४ पासून वर्षभरात १००० वेळाही न वाजलेल्या गाण्याचे पैसे देणंच बंद केलं. बँडकॅम्पवर, जिथे श्रोते बँडचं संगीत थेट विकत घेतात, मात्र तीस जणांनी विकत घेतलं तरी त्याला अर्थ असतो. कॅसेट थोड्या संख्येत काढता येतात, म्हणून पहिला माल बहुतेक वेळा कॅसेटचाच. विनाइलला भांडवल लागतं आणि धीरही. एका कारखान्याने तारीख इतकी लांबवली की दौरा संपल्यावर रेकॉर्ड हातात आल्या. तेव्हापासून खोकी ताब्यात आल्याशिवाय आम्ही प्रकाशनाची तारीख जाहीर करत नाही.

दौऱ्यावर पेट्रोलचा खर्च निघतो तो टी-शर्टवर. तिथेही कसरत आहे. लोगो मुळांसारखे फुटलेले, रेषा केसाएवढ्या. स्क्रीन प्रिंटमध्ये शाई पसरली की सगळा काळा गोळा. छपाईवाल्याकडून आधी एक नमुना काढून घेतो आणि लागेल तिथे रेषा जाड करून मागतो, त्यावर चित्रकार थोडा रुसला तरी.

बँड टिकणं सगळ्यात अवघड. इतक्या वेगाने वाजवणारे ड्रमर कमी, त्यामुळे एकच ड्रमर तीन बँडमध्ये. नोकरीतली रजा पुरत नाही, सरावाच्या खोलीवर शेजारी तक्रार करतात. म्हणून ड्रम सलग दिवसांत आणि बाकीचं सुट्ट्यांच्या दिवशी, असं वेळापत्रक आम्हीच त्यांना बसवून देतो.

नव्या बँडने आमच्याकडे येताना खर्चिक डेमो करू नये. सरावात फोनवर केलेलं रेकॉर्डिंग पुरे, फक्त क्लिक (कानात वाजणारा तालाचा ठोका) न लावता वाजवलेलं हवं. ड्रमर कुठे धावतो, रिफ बदलताना सगळे एकत्र वळतात का, ते त्यात ऐकू येतं. ड्रमसाठी किती दिवस राखायचे हे आम्ही त्यावरूनच ठरवतो.