टाकी रिकामी झाली, मग आता भीती कसली?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. मुलगा किंवा नवरा तेलवाहू जहाजावर असलेल्या घरांतून हा प्रश्न हमखास येतो: "तेल उतरवून झालं, जहाज रिकामं परत निघालंय. आता काळजी नाही ना?" खरं तर काळजी घ्यायची वेळ तिथूनच सुरू होते. भरलेल्या टँकरपेक्षा नुकताच रिकामा झालेला टँकर जास्त जपावा लागतो.

पेटतं ते द्रव तेल नव्हे, त्याची वाफ. तीही हवेत ठरावीक प्रमाणात मिसळली तरच. हे प्रमाण साधारण 1 ते 10 टक्के. त्याहून कमी असेल तर जळायला वाफ पुरत नाही, जास्त असेल तर प्राणवायू पुरत नाही. टाकी जास्तीत जास्त 98 टक्के भरतात. वरच्या उरलेल्या पट्टीत वाफ बहुधा इतकी दाट असते की ती पेटत नाही. पंप सुरू झाला की तेल खाली जातं आणि तेवढीच जागा भरायला काहीतरी वरून आत येतं. ती हवा असेल, तर भिंतींना चिकटलेलं तेल आणि तळाचा गाळ त्या हवेत वाफ सोडत राहतात आणि टाकीभर नेमकं पेटणारं मिश्रण तयार होतं.

याची किंमत 1969 च्या डिसेंबरात कळली. मार्पेसा, मॅक्ट्रा आणि कोंग हाकोन सेव्हन या तीन महाकाय टँकरांवर एकाच महिन्यात स्फोट झाले. प्रत्येक जहाज दोन लाख टनांच्या घरातलं. मार्पेसा तर पहिल्याच सफरीवरून परतत होतं, ते बुडालं. तिन्ही जहाजं रिकामी होती आणि तिन्हींवर टाक्या धुण्याचं काम चालू होतं. जोरदार फवाऱ्याने टाकीत पाण्याचं धुकं तयार होतं आणि त्या धुक्यात स्थिर वीज साठते. अवाढव्य टाकीत ठिणगी पडायला तेवढं पुरतं, असा निष्कर्ष पुढच्या अभ्यासांतून निघाला. ठिणगी पूर्णपणे टाळता येणार नाही, हे तेव्हा मान्य करावं लागलं. मग उरतो एकच उपाय: प्राणवायूच काढून घ्यायचा.

म्हणून इनर्ट गॅस, म्हणजे ज्यात प्राणवायू फारच कमी असतो असा निष्क्रिय वायू. जहाजाच्या बॉयलरचा धूर समुद्राच्या पाण्याने स्क्रबरमध्ये, म्हणजे धूर धुण्याच्या यंत्रात, धुतात, म्हणजे काजळी आणि गंधकाचे वायू निघून जातात. मग ब्लोअर, म्हणजे मोठा पंखा, तो थंड झालेला वायू टाक्यांत ढकलतो. वाटेत डेकवर वॉटर सील असतं. त्यातलं पाणी टाकीतली वाफ उलट इंजिनरूमकडे जाऊ देत नाही. आकडे लक्षात ठेवण्यासारखे आहेत: प्राणवायू साधारण 11 टक्क्यांखाली गेला की वाफ पेटत नाही, टाकीत तो 8 टक्क्यांहून जास्त चालत नाही, आणि आत सोडायच्या वायूत 5 टक्क्यांहून जास्त चालत नाही. शिवाय टाकीतला दाब बाहेरच्यापेक्षा कायम थोडा चढा हवा, म्हणजे फट असली तरी वायू बाहेर जाईल, हवा आत येणार नाही.

बिघडतं ते इथे. बॉयलरवर भार कमी असेल तर धुरात न वापरलेली हवा उरते आणि प्राणवायू 5 च्या वर चढतो. किंवा बंदराला घाई असते, पंप जोरात चालतात आणि ब्लोअर मागे पडतो. दाब उतरत शून्याखाली गेला की व्हॅक्यूम व्हॉल्व्ह उघडतो आणि हवा आत ओढली जाते. म्हणूनच ब्लोअरची क्षमता पंपांच्या कमाल वेगाच्या 125 टक्के ठेवायचा नियम आहे. इनर्ट गॅस बंद पडला तर तेल उतरवणं लगेच थांबवायचं. यात तडजोड नाही, कितीही डेमरेज (जहाज रखडल्याचा आकार) लागो.

मोजमापातली एक चूक फार घातक आहे. एलईएल म्हणजे वाफ पेटू शकेल असं हवेतलं किमान प्रमाण. साधा एलईएल मीटर वाफ गरम तारेवर जाळून मोजतो. इनर्ट केलेल्या टाकीत जळायला प्राणवायूच नाही, त्यामुळे वाफ भरपूर असूनही काटा शून्याजवळ राहतो आणि माणूस निर्धास्त होतो. तिथे टँकस्कोप लागतो, तो वाफ आकारमानाच्या टक्क्यांत दाखवतो.

टाकी तपासणीसाठी गॅस-फ्री, म्हणजे वाफमुक्त, करायची असेल तर थेट पंखा लावून हवा सोडायची नाही. दाट वाफेत हवा मिसळली की ती पातळ होता होता 10 आणि 1 टक्क्याच्या मधून जाणारच. आधी इनर्ट गॅस सोडून वाफ 2 टक्क्यांखाली आणायची, मगच हवा. पेटण्याइतका प्राणवायू मिसळेपर्यंत वाफ आणखी पातळ झालेली असते, म्हणून मिश्रण पेटणाऱ्या पट्ट्याला शिवत नाही. या टप्प्याला वेळ लागतो, आणि घाईत तोच गाळला जातो.

माणूस आत उतरतो तेव्हा धोका बदलतो. आता आगीपेक्षा श्वासाचा. प्राणवायू 20.9 टक्के, वाफ एलईएलच्या 1 टक्क्याहून कमी आणि हायड्रोजन सल्फाइड तपासून झाल्याशिवाय कोणी शिडीवर पाय ठेवायचा नाही. मोजणी वर, मध्ये आणि तळाशी, तिन्ही ठिकाणी. हायड्रोजन सल्फाइडचा कुजक्या अंड्यासारखा वास प्रमाण वाढल्यावर येणंच बंद होतं, म्हणून नाकावर भिस्त नको. टाकीच्या तोंडाशी एक माणूस पूर्ण वेळ उभा, हातात वॉकीटॉकी. आत कोणी कोसळला तर त्याने गजर करायचा, स्वतः उतरायचं नाही. हे वाचायला निष्ठुर वाटतं, पण मित्राला काढायला श्वसनयंत्राविना उतरलेला दुसरा माणूसही तिथेच पडतो, हे जगभर पुन्हा पुन्हा घडलं आहे.

छोट्या टँकरांना इनर्ट गॅसची सक्ती नसते. 2016 पासूनच्या नव्या जहाजांत ती 8,000 टन वहनक्षमतेपासून आहे, त्याआधी 20,000 पासून होती. अशा जहाजांवर पेट्रोल-डिझेल भरताना नळाचं तोंड बुडेपर्यंत वेग सेकंदाला 1 मीटरच ठेवतात आणि भरून झाल्यावर 30 मिनिटं टाकीत धातूचं काही सोडत नाहीत, कारण साठलेली स्थिर वीज विरायला तेवढा वेळ लागतो. वीज कडाडू लागली की काम थांबवून व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारे मार्ग) बंद. मुंबईच्या जवाहर द्वीपावर ऑक्टोबर 2017 मध्ये वीज पडून डिझेलच्या टाकीला लागलेली आग विझायला काही दिवस लागले होते, आणि ती तर जमिनीवरची टाकी होती.

तेव्हा पुढच्या फोनवर "जहाज भरलंय की रिकामं?" असं नका विचारू. "टँक क्लीनिंग आहे का? आत उतरायचंय का? तोंडाशी कोण उभं राहणार आहे?" हे विचारा.