बॅटरी गाडीतच राहू दे

फोनवर पावण्यांनी, म्हणजे माझ्या कोल्हापूरच्या गिऱ्हाईकानं, एवढंच सांगितलं, "मिस्त्री, निपाणीत एका वखारीत जुनी हेरल्ड मोटार घावलीय. दणकट बॅटरी घेऊन या, चालू करून बघू." बॅटरी घेतली, पण ती माझ्या गाडीतनं खाली उतरवायची नाही हे बेळगाव सोडतानाच ठरवलं होतं. वर्षानुवर्षं उभ्या इंजिनाला थेट स्टार्टर मारणारा माणूस आणि भंगारवाला यांच्यात मी फार फरक करत नाही. तेल सगळं खाली ऑइल चेंबरात उतरलेलं असतं, पिस्टनच्या रिंगा गंजानं सिलिंडरला धरलेल्या असतात. तशात हिसका बसला की रिंग तुटते नाहीतर सिलिंडरला ओरखडा पडतो. आणि हेरल्डची रिंग काय कोपऱ्यावरच्या दुकानात मिळत नाही.

तवंदी घाट उतरलो. पावणं कोल्हापूरहून आधीच येऊन थांबलेले, मोबाइल हातात, व्हिडिओच्या तयारीत. वखार जुन्या बांधणीची, कौलारू. तंबाखू भरणं कधीच बंद झालंय, तरी दार उघडल्याबरोबर सगळ्यांना शिंका. मालकीणबाईंना आम्ही मावशी म्हटलं. गाडी कधीपासून उभी आहे म्हणून विचारलं, तर म्हणाल्या, "शरद जोशींचं आंदोलन झालं न्हवं, रस्ता अडवलेला? त्याच्या आदल्या दिवाळीत आत लावली." ते तंबाखू आंदोलन 1981 चं, पुणे-बंगळूर रस्त्यावर. निपाणीच्या जुन्या माणसांना दुसरं कॅलेंडर लागत नाही.

गाडी दोन दारांची स्टँडर्ड हेरल्ड, 948 सीसी. मूळची इंग्लंडच्या ट्रायम्फची, आकार इटलीच्या मिकेलोत्तीनं काढलेला, आपल्याकडे मद्रासला स्टँडर्ड मोटर बनवायची. चेसीखाली चार घडीव दगड लावून चाकं अधांतरी ठेवलेली. मागची दोन्ही चाकं खालून आत वळलेली, वरून बाहेर फाकलेली. पावण्यांबरोबर आलेला एजंट लगेच मावशींना ऐकू जाईल असं बोलला, "ॲक्सल मोडलाय. भंगाराच्या भावानंच घ्यायला पाहिजे."

ॲक्सल मोडलेला नव्हता. हेरल्डला मागे स्प्रिंगचा एकच पाटा, तोही आडवा, डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांमधल्या गिअरपेटीच्या डोक्यावर बसवलेला, आणि दोन्ही ॲक्सल मधल्या जोडावर वरखाली झुलणारे. वजन उतरलं की चाकं अशीच आत दुमडतात. गाडी जमिनीवर ठेवा, सरळ होतात. मी हे मावशींसमोरच सांगितलं. एजंटाचं तोंड उतरलं, पावणंही जरा नाराज झाले. होऊ देत. गिऱ्हाईकाचं काम करतो म्हणून म्हातारीला गंडवायचं काम माझ्याकडं नाही.

बॉनेट उघडलं. हेरल्डचं बॉनेट मडगार्डासकट अख्खं पुढच्या बाजूला पलटतं, चाकावर बसून इंजिनाचं काम करता येतं. असली सोय नंतरच्या गाड्यांत मी तरी पाहिली नाही. आणि तिथं मला पहिल्यांदा वाटलं, की ही गाडी कुणी टाकून दिलेली नाही. रेडिएटरचा खालचा कॉक उघडा, म्हणजे पाणी काढलेलं. फॅन बेल्ट सैल करून ठेवलेला. कार्बोरेटरच्या तोंडात तेलकट चिंधी. मागं जाऊन बघितलं तर सायलेन्सरच्या नळीतही तसाच बोळा.

"हे कुणी केलं, मावशी?"

"ड्रायव्हर मामांनी. मालक आजारी पडले तवा त्यांनीच दगडावर चढवली. म्हणाले, कधी काढाल तवा मला बोलवा. मामा गेले, मालक गेले. तंबाखूत उंदीर शिरत न्हाई म्हणायचे बघा मामा."

उंदरांनी वायरिंगची पार वाट लावली होती, तेवढा मामांचा अंदाज चुकला. बाकी त्यांचं काम चोख. प्लग खोलले तर चारही हातानं नुसते टेकवलेले, चुड्या, म्हणजे आटे, काळपट तेलानं माखलेल्या. मामांनी प्लगच्या भोकातून तेल सोडून ठेवलं होतं.

तरी मी घाई केली नाही. चारी भोकांतून डिझेल आणि गिअर ऑइलचं मिश्रण सोडलं आणि ते मुरेपर्यंत गाडीखाली आडवा झालो. खरी कमाई-नुकसानी तिथं कळते. हेरल्डला चेसी वेगळी आणि बॉडी तिच्यावर बोल्टांनी बसवलेली, त्यामुळं पत्रा सडला तर बदलता येतो, पण चेसी गेली तर गाडी गेली. मधले दोन मुख्य पाइप स्क्रू ड्रायव्हरनं ठोकत गेलो. आवाज ठणठणीत. बाजूला निघालेले बॉडी पेलणारे आडवे हात मात्र डावीकडचे कुजलेले, टोक दाबलं की आत जायचं. ते नवे करता येतात. पेट्रोलच्या टाकीत काकवीसारखा चिकट काळा थर. ब्रेकचे सिलिंडर जाम, ते अपेक्षितच.

मग बाहेर आलो आणि क्रँकच्या पुलीच्या नटाला पाना लावला. पहिल्यांदा काही नाही. जोर लावायचा नसतो, मागं-पुढं नुसतं चाळवायचं असतं. नखभर हललं. परत मागं, परत पुढं. मग एकदम पाना खाली गेला आणि प्लगच्या भोकातून तेलाची चिळकांडी थेट पावण्यांच्या शर्टावर. एवढाच व्हिडिओ त्यांना मिळाला.

कागद मी शेवटी बघतो असं लोकांना वाटतं. खरं तर सौदा तिथंच ठरतो. मावशींनी पत्र्याच्या ट्रंकेतून आरसी बुक काढलं: 1963 सालचं, म्हैसूर राज्याचं. आपलं बेळगाव 1956 ला मुंबई राज्यातून तिकडं गेलं आणि राज्याचं नाव कर्नाटक व्हायला 1973 उजाडलं, त्या मधल्या काळातला हा कागद. इंजिनामागच्या चेसी नंबरच्या पट्टीवरचा रंग थिनरनं पुसला, ब्लॉकवरचा इंजिन नंबर घासला. दोन्ही बुकाशी जुळले. नाव मात्र मावशींच्या सासऱ्यांचं. म्हणजे आधी वारसांच्या सह्या, गाडी वारसाच्या नावावर करायचा फॉर्म 31, मग चिकोडीच्या आरटीओकडून एनओसीचा फॉर्म 28, मग कोल्हापूर. एजंट म्हणाला, "हे मी बघतो." म्हटलं, सह्या झाल्याशिवाय टोकनही द्यायचं नाही.

परतताना पावण्यांनी मनातलं काढलं. मारुतीचं इंजिन टाकू, एसी लावू, बायकोला घेऊन रंकाळ्यावर फिरू. मी त्यांना 2021 चा नियम सांगितला: पन्नास वर्षांवरची गाडी मूळ रूपात असेल, चेसी, बॉडी, इंजिनात मोठा बदल नसेल, तर ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज पाटी मिळते, नोंदणी दहा वर्षांची. पण मग ती गाडी रॅलीला, प्रदर्शनाला न्यायची, रोजच्या वापराला नाही. रोज फिरवायची तर साधं पासिंग करून घ्या, पण इंजिन तेच ठेवा. पान्यानं फिरायला लागलेलं इंजिन काढून मारुतीचं कशाला?

सह्या झाल्या, पुण्याच्या दिरांची तेवढी उशिरा आली. गाडी आता माझ्याकडं आहे. बॉडी उचलून बाजूला ठेवलीय, आडवे हात जाड पत्र्याचे नवे केलेत. इंजिनाचं हेड बेळगावातच उद्यमबागेतल्या कारखान्यात दिलंय, एक्झॉस्ट व्हॉल्व्हला कडक सीटा बसवायला, कारण शिशाचं पेट्रोल 2000 सालीच बंद झालं आणि जुन्या सीटा त्याच्याच भरवशावर चालायच्या. पेट्रोलचे रबरी पाइप सगळे बदलणार, आताच्या पेट्रोलमधल्या इथेनॉलमुळं जुनं रबर फुगतं. पावण्यांचा अजून दर रविवारी फोन असतो. एसीचं सोडलंय त्यांनी. मारुतीचं इंजिन अजून डोक्यातनं गेलेलं नाही.