तव्याने धरलेले घावन

परवा दुपारी घरात मी एकटाच होतो. पत्नी तिच्या बहिणीकडे नाशिकला गेली होती, डब्यात सकाळच्या पोळ्या होत्या, भाजीही होती. तरीही सकाळी उगाचच भिजत घातलेले वाटीभर तांदूळ मी वाटले, त्यांचे ताकासारखे पातळ पीठ केले आणि माळ्यावरचा बिडाचा तवा खाली काढला. गौरीच्या घावन-घाटल्यानंतर त्याला कोणाचा हात लागलेला नव्हता. पहिले घावन घातले आणि ते चिकटले. असे चिकटले, की कालथ्याने ओढल्यावर त्याचे तीन तुकडे हाती आले आणि उरलेला भाग नकाशातल्या बेटांसारखा तव्यावरच राहिला. वयाची पंचावन्न वर्षे उलटलेल्या माणसाने घावन चिकटले म्हणून खिन्न होऊ नये. पण मी झालो.

तवा खिडकीशी नेऊन उजेडात धरला तेव्हा कारण दिसले. मधोमध तळहाताएवढा भाग राखाडी पडला होता. गौरी गेल्यावर कोणीतरी तारेची घासणी आणि साबणाची पावडर घेऊन त्याला मनापासून लख्ख केले होते. ते कोणी केले याची चौकशी न करण्याचे मी ठरवले, कारण घरात माणसे दोनच आहेत आणि त्यांपैकी एक मी आहे.

लहानपणी बिडाचा तवा बीडहून येतो अशी माझी ठाम समजूत होती. भूगोलाच्या पुस्तकात बीड जिल्ह्याखाली तव्यांचा उल्लेख कसा नाही, याचे मला नवल वाटे. ती समजूत पुढे एका व्याकरणप्रेमी मास्तरांनी मोडली. गावाचे ते ‘बीडचा’, धातूचे ते ‘बिडाचा’; बीडसारख्या गावाच्या नावाला सामान्यरूप लागत नाही, धातूला लागते, एवढे सांगून ते पुढच्या धड्याकडे वळले. ओतीव लोखंडाला बीड म्हणतात हे मला त्या दिवशी कळले, आणि मग सगळीकडे बीडच दिसू लागले. चाळीच्या मागच्या भिंतीवरून उतरणारे सांडपाण्याचे नळ बिडाचे, रस्त्यातल्या गटाराची जाडजूड झाकणेही बिडाची. एवढ्या रांगड्या कुळातल्या धातूवर जाळीदार, पांढरेशुभ्र, फुंकरीने उडेल असे घावन व्हावे, हे मला अजूनही थोडे अविश्वसनीय वाटते.

आमच्या आजोळी, राजापूरजवळ, आजीचा तवा खोलगट होता. त्याला दोन कान होते आणि त्यावर पोळी भाजायला सक्त मनाई होती. पोळीचा तवा वेगळा, तो पत्र्याचा. बिडाच्या तव्यावर घावन, आंबोळी आणि फार तर धिरडे. चिंच किंवा आमसूल पडलेले काहीही त्याच्या जवळपास येऊ द्यायचे नाही, कारण आंबटाने तवा उघडा पडतो. साबण तर नाहीच. काम झाले की तवा कोमट असतानाच पुसायचा, तेलाचे बोट फिरवायचे आणि खुंटीला टांगायचा. घावन घालण्याआधी आजी अर्धा कांदा देठाकडून धरून तेलात बुडवी आणि तव्यावर गोल फिरवी; कांदा नसेल तेव्हा वांग्याचा देठ चाले. मग ओल्या बोटांनी पाण्याचे चार थेंब उडवी. थेंब जागीच चरचरत आटले तर तवा अजून कच्चा. थेंब गोळ्या होऊन इकडून तिकडे पळू लागले तर फार तापला. मग आच कमी करून पुन्हा कांद्याचा हात फिरवायचा. या पळणाऱ्या थेंबांवर योहान लायडेनफ्रॉस्ट नावाच्या जर्मन वैद्याने १७५६ साली लॅटिनमध्ये लिहून ठेवले आहे. त्याने लोखंडी चमचा लाल होईपर्यंत तापवून त्यात पाणी सोडले होते. थेंबाखाली वाफेचा पातळ थर तयार होतो आणि थेंब धातूला न शिवता तरंगत राहतो, हा त्यातला मुद्दा. आजीला वाफेच्या थराशी कर्तव्य नव्हते. थेंब नाचतात म्हणजे पीठ बसणार नाही, एवढे तिला पुरे होते.

पीठ ‘बसणे’ हा तिचाच शब्द. त्याचा अर्थ कळायला मला चाळीस वर्षे लागली.

मी आठ वर्षांचा असताना तो तवा फोडला. लोखंड फुटते यावर तोवर माझा विश्वास नव्हता, म्हणूनच तर मी तो ढालीसारखा एका हाताने उचलला होता. समोर मामेभाऊ खराट्याची काडी घेऊन तलवारबाजी करत होता. तवा निसटला, पडवीतल्या पाट्यावर आपटला आणि पापडासारखा मोडला. एक मोठा तुकडा, एक लहान. आत कड पाहिली तर ती राखाडी आणि दाणेदार होती. बिडात शेकडा २ ते ४ कार्बन असतो, त्यातला बराचसा ग्राफाइटच्या पापुद्र्यांच्या रूपात विखुरलेला असतो आणि म्हणून ते वाकत नाही, मोडते, हे मी पुढे कधीतरी वाचले. त्या क्षणी मात्र मला एवढेच दिसले, की मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे आणि काहीही बोलत नाही.

आजी रागावली नाही, हे जास्त वाईट झाले. नवा तवा आला. त्यावर काही दिवस पेजेचे पाणी घालून ठेवणे झाले, मग तेल लावून तापवणे, कांदा पार काळा होईस्तोवर त्यावर परतून टाकून देणे, पुन्हा तेल, पुन्हा आच. तरी घावन चिकटत होते. आजी ते खरवडून गाईच्या आंबोणात टाकी आणि म्हणे, “हा अजून आपला झाला नाही.” ती सुट्टी संपली, दिवाळी गेली, पुढच्या मे महिन्यात आम्ही परत गेलो तेव्हा कुठे तो तवा काळाभोर होऊन घरात रुळला होता. त्या वर्षभरात वाया गेलेल्या प्रत्येक घावनाचा हिशेब माझ्या नावावर आहे, असे मला अजून वाटते.

त्या काळ्या रंगात काय असते, ते अमेरिकेतल्या माझ्या पुतण्याने मला समजावून सांगितले. त्याने तिकडे बिडाचा एक जड पॅन घेतला आहे आणि त्याला जवसाचे तेल लावून तो ओव्हनमध्ये पुन्हापुन्हा तापवतो. तापलेल्या लोखंडावर तेलाचे रेणू एकमेकांत गुंफले जातात आणि त्यांचा कडक, गुळगुळीत पापुद्रा बनतो. चित्रकार ज्यात रंग कालवतात तेही जवसाचेच तेल आणि कॅनव्हासवर ते वाळते तेही काहीसे असेच. लेप मात्र पुसून टाकल्यासारखा पातळ हवा. पुतण्याने पहिल्या वेळी हात सढळ सोडला, तर तेलाचा डिंक झाला. चिकटू नये म्हणून लावलेलेच चिकट होऊन बसले. हे ऐकून मला जरा बरे वाटले.

आमच्या घरात नॉनस्टिक तवा आला तो लग्नाच्या आहेरात. त्याच्याबरोबर सूचनांचा कागदही आला: लाकडी उलथने वापरावे, आच मध्यम ठेवावी, रिकामा तवा तापवू नये, घासणी मऊ असावी. एखाद्या नाजूक प्रकृतीच्या पाहुण्याने उतरावे तसा तो आमच्याकडे उतरला. त्यावरचे टेफ्लॉनही अपघातानेच सापडलेले. १९३८ साली अमेरिकेत रॉय प्लंकेट या रसायनशास्त्रज्ञाने वायू भरून ठेवलेली एक नळी उघडली तर त्यातून वायू बाहेर येईना, आणि वजन मात्र पूर्ण भरे. नळी कापली तेव्हा आत पांढरी, मेणचट भुकटी निघाली. तिला काहीच चिकटत नव्हते. पुढे १९५० च्या दशकात मार्क ग्रेगवार या फ्रेंच अभियंत्याने ती ॲल्युमिनियमच्या भांड्यावर बसवली. मला यातली गंमत अशी वाटते, की ज्याला काही चिकटत नाही, तेच भांड्याला चिकटवणे हाच खरा खटाटोप होता. त्यासाठी धातूचा पृष्ठभाग आम्लाने खरबरीत करावा लागला, म्हणजे लेपाला धरायला जागा मिळाली. कागदावरची आचेची सूचनाही उगाच नसते. साधारण २६० अंश सेल्सिअसच्या पुढे तो लेप बिघडू लागतो, मोठ्या आचेवर रिकामा तवा काही मिनिटांत तिथवर जातो आणि फार तापल्यावर निघणारी वाफ पिंजऱ्यातल्या पक्ष्यांच्या जिवावर बेतते. आमच्याकडे पक्षी नाही. तरी मी त्या तव्याला मोठ्या आचेवर एकटा सोडत नाही.

या तव्यावर मी घावन करून पाहिले आहे. आच वाढवली की पीठ पळीमागे ओढले जाते, जिथे घातले तिथे थांबतच नाही. आच कमी ठेवली तर थांबते, पण जाळी पडत नाही आणि शेवटी तव्यावरून ओल्या रुमालासारखे काहीतरी घसरून ताटलीत येते. अंडे किंवा मुगाचे धिरडे त्यावर उत्तम होते, तेलही कमी लागते, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण घावन होत नाही, कारण हा तवा काही धरतच नाही. आजीचे ‘बसणे’ ते हे. पिठाने आधी तव्याला धरावे लागते. धरल्याशिवाय वाफ त्यातून वाट काढत नाही आणि वाफेने वाट काढल्याशिवाय जाळी होत नाही. मग झाकण ठेवायचे आणि हात मागे घ्यायचा. कडा कोरड्या होऊन आपल्या आपण उचलल्या जातात, तोवर कालथा लावायचा नाही. घाई केली की फाटते. तिथे आमच्या बोटांवर आजीची चापट ठरलेली असे. “झाले की सोडेल तो. तू कशाला सोडवतोस?” चिकटणे आणि धरणे यांत फरक आहे, आणि तो मला परवा दुपारी ओट्याशी उभा असताना इतका स्पष्ट दिसला, की तो कोणालातरी फोन करून सांगावा असे वाटले. कोणाला सांगणार?

परवाच्या तव्यावर मी कांदा चोळला, तेल लावले, धूर निघेस्तोवर तापवला, पुसला आणि हेच चार वेळा केले. दुसरे घावन अर्धे सुटले. तिसऱ्याच्या वेळी खाली बसलेले पीठ ढवळायचे राहिले आणि तव्यावर नुसते तांदळाचे पाणी पसरले. चौथे मात्र कडेने उचलले गेले, जाळीही पडली, पण मधला राखाडी भाग सुटेना. भोक पडलेले घावन मी नारळाचा रस नसल्यामुळे गुळाबरोबर खाल्ले. पहिल्याचे खरवडून काढलेले तुकडे त्याच्याआधीच संपले होते. कुरकुरीत, किंचित करपलेले, चांगले लागत होते.

दूध तापत ठेवायला गेलो तेव्हा शेजारच्या शेगडीवर नेहमीचा तो तुकडा होता, मी फोडलेल्या तव्याचा मोठा अर्धा भाग. आजीने तो टाकला नाही, दुधाच्या पातेल्याखाली ठेवायला घेतला. तिच्यामागून तो आईकडे आला आणि आईकडून माझ्याकडे. त्याच्या आधाराने ठेवलेले दूध लागत नाही. त्या तुकड्याला स्वतःला मात्र गेल्या सत्तेचाळीस वर्षांत काहीही चिकटलेले नाही, कारण त्याच्यावर कोणी काही घातलेलेच नाही.